‘सगळ्यांनाच होतं’ म्हणे!

मराठीत काही वाक्यं अशी आहेत की ती कानावर पडली की पुढचं बोलणंच खुंटतं. ‘लोक काय म्हणतील’ हे एक. ‘आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं’ हे दुसरं. पण या सगळ्यांचा राजा शोभेल असं वाक्य म्हणजे ‘सगळ्यांनाच होतं’! आमच्या सोनगीरला हेच अहिराणीत, अगदी मायेनं पाठीवर हात फिरवत म्हणतात, "सगळास्लेच व्हस, माय." ऐकायला इतकं गोड की समोरचीला आपण गप्प केलो गेलोय हे कळतही नाही.

आज या वाक्याशी भांडायचं ठरवलंय. वाक्याशी हं, माणसांशी नाही. (मोठ्या आत्या, तुम्ही हे वाचणार आणि मग फोन करणार हे मला माहीत आहे. तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा :-) )

विषय आहे दिवस गेल्यावरची मळमळ. पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्या, कोरडे उमासे, छातीतली जळजळ, फुगलेलं पोट, तोंडाला सुटणारं पाणी. याला इंग्रजीत ‘मॉर्निंग सिकनेस’ असं फसवं नाव आहे. जणू सकाळी एकदा उलटी झाली, चूळ भरली की बाई दिवसभर मोकळी! पुष्कळजणींची ‘मॉर्निंग’ रात्री अकरापर्यंत चालते. आपल्याकडे तर नाव त्याहून गोंडस, ‘डोहाळे’. चिंचा, कैऱ्या, झोपाळा, हिरवी साडी. डोहाळ्यांच्या गाण्यांमध्ये बाईला काय काय खावंसं वाटतं याची लांबलचक यादी असते. जिला काहीच खावंसं वाटत नाही, पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही, तिच्यासाठी मात्र गाणं नाही.

यंदा माझी भाची, भावाची मुलगी, दिवस गेल्यावर सोनगीरला माहेरी आली. आठवा आठवडा. आठ-दहा दिवसांत तिचं वजन ४६ किलोवरून ४३ वर आलं. ती सांगायची, "आत्या, मला पाण्याचासुद्धा वास येतो गं." आमचं गाव पडलं तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. कुठे कल्हई चालू असली की नवसागराचा तो नाकात घुसणारा धूर अख्ख्या गल्लीत. त्यात आमचं खानदेशी स्वयंपाकघर! भरताची वांगी भाजा, मिरच्या भाजा, काळा मसाला परता, वर शेंगदाण्याच्या तेलाची खमंग फोडणी. एरवी या वासावर मीसुद्धा जीव टाकते. पण ज्या बाईला फोडणीचा वास सहन होत नाही, तिनंच फोडणी द्यायची असते, हे आपल्या संस्कृतीतलं कोडं मला आजवर सुटलेलं नाही. माहेरी निदान ते तरी सुटलं. सासरी ती आठवडाभर नाकाला पदर लावून भाजी टाकत होती.

आणि घरात येणारी जाणारी प्रत्येक बाई तेच एक वाक्य ठेवून जात होती. सगळ्यांनाच होतं. एका दवाखान्यात नेलं तर तिथेही तेच, वर "मनावर घेऊ नका, देवाचं नाव घ्या" हा जादा सल्ला. दिवसातून एकदाच, तीही गडद पिवळी लघवी होतेय, हे तिला कोणी विचारलंच नाही. तिनंही सांगितलं नाही. असं कोण सांगतं?

आता जरा गणित. गरोदरपणात मळमळ साधारण दहातल्या सात-आठ जणींना होते. म्हणजे ‘सगळ्यांनाच’ हे जवळजवळ खरं आहे! सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्याला टोक गाठते, आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांत ओसरते. पण शंभरातल्या एक-दोन, फार तर तीन जणींचं प्रकरण वेगळं असतं. गर्भधारणेआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरतं, अंगातलं पाणी आटतं, लघवीत कीटोन दिसू लागतात. कीटोन दिसणं म्हणजे शरीरानं अन्नाअभावी स्वतःचीच चरबी जाळायला घेतली. याला डॉक्टरी भाषेत ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम’ म्हणतात आणि हा आजार आहे. ४६ किलोच्या मुलीचे पाच टक्के म्हणजे दोन किलो तीनशे ग्रॅम. आमच्या पोरीचे तीन किलो गेले होते. ‘सगळ्यांनाच होतं’ या वाक्याचा मुख्य गुन्हा हाच. ते सत्तर जणींचं खरं सांगून उरलेल्या दोघींना झाकून टाकतं.

बरं, हे मनाचे खेळ आहेत का? गेल्या शतकात बराच काळ मोठमोठे डॉक्टरही तसंच समजत. बाईला मूल नकोसं असतं किंवा नवरा नकोसा असतो म्हणून ती ओकते, असं गंभीरपणे लिहिलं गेलं. त्यावर आता शास्त्रानं स्वच्छ उत्तर दिलंय. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन आलं. त्याचं सार असं, की गर्भाकडून, मुख्यतः वारेतून, ‘जीडीएफ१५’ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूतलं मळमळीचं केंद्र चाळवतं. जिच्या रक्तात गरोदरपणाआधी ते कमी असतं, तिला अचानक आलेला हा लोंढा जास्त बाधतो. बीटा थॅलॅसेमिया असलेल्या बायकांमध्ये ते मुळातच जास्त असतं, तर त्यांना हा त्रास कमी होताना दिसतो. या कामात पुढे असलेल्या मार्लेना फेझो या अमेरिकन संशोधक बाईंनी स्वतः १९९९ साली याच आजारात आपलं बाळ गमावलं होतं. त्यांनाही त्या वेळी डॉक्टरांकडून ‘मनाचंच आहे’ या चालीचं ऐकावं लागलं. मग त्यांनी वीसेक वर्षं खपून त्याचं कारण शोधून काढलं. ‘मनावर घेऊ नका’ म्हटल्यावर सुदैवानं त्यांनी ते चांगलंच मनावर घेतलं!

आणि आपल्या परंपरेचा दाखला हवाच असेल तर तोही घ्या. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची लक्षणं सांगितली आहेत. त्यात तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना उडणं, उलटी, अरुची, आंबट खावंसं वाटणं हे सगळं एका रांगेत आहे. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनी उलटी आणि आंबटाची ओढ एकाच यादीत लिहिली. आपण पुढे त्यातली कैरी तेवढी उचलून गाण्यात घातली आणि उलटी मोरीत ढकलली.

दुसरी भिंत औषधांच्या भीतीची. ‘दिवस गेल्यावर गोळी घ्यायची नाही’, बस्स. या भीतीला कारण आहे, मी ते नाकारत नाही. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. मळमळीवर म्हणूनही ते गरोदर बायकांना दिलं गेलं आणि १९६१ मध्ये मागे घ्यावं लागलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. असं घडल्यावर जग घाबरणारच.

पण गोष्ट तिथे संपत नाही. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची एक गोळी अमेरिकेत १९५६ पासून मिळत होती. तिच्यावरही व्यंगांचे आरोप झाले, खटले झाले, आणि १९८३ मध्ये कंपनीनं ती बाजारातून काढून घेतली. मग काय झालं? व्यंगांचं प्रमाण काही घटलं नाही. उलट्यांमुळे दवाखान्यात भरती व्हावं लागणाऱ्या बायका मात्र वाढल्या. वर्षानुवर्षं अभ्यास होऊन गोळी निर्दोष ठरली आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारनं तिला पुन्हा मान्यता दिली. हीच जोडी आपल्याकडे धुळ्यातल्या कुठल्याही मेडिकलवर मिळते आणि डॉक्टर ती लिहून देतात. मनानं कुठलीही गोळी घेऊ नका, हे शंभर टक्के मान्य. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सासूबाईंनी कपाटात ठेवून देणं म्हणजे काळजी नव्हे. औषध न घेण्यातही धोका असतो, तो फक्त आपल्याला दिसत नाही.

आता माझ्या खऱ्या भांडणाकडे येते. जरा पाहा, आपल्या समाजात गरोदर बाईसाठी जे जे म्हणून आहे, ते कधी सुरू होतं?

पहिले तीन महिने कोणाला सांगायचं नाही, नजर लागते. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, म्हणजे उलट्या थांबून बहुतेकींना दोन-तीन महिने झालेले असतात तेव्हा. फुलांचे दागिने घालून पोरगी झोपाळ्यावर बसते, चांगलं जेवते, फोटो छान येतात. सरकारी ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान’ २०१६ पासून आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी, उत्तम योजना. पण ती आखलीय चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. प्रसूतीची रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, पण त्यातले बाळंतपणाआधी घेता येतात फार तर आठ. म्हणजे रीत, सरकार आणि ऑफिस, तिघंही नेमके वादळ ओसरल्यावर छत्री घेऊन हजर!

आणि ते पहिले तीन महिने? ते कोणाचेच नाहीत. बाई ओकतेय, पण का ते सांगायचं नाही. ऑफिसात ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणायचं, शेजारी ‘पित्त झालंय’ म्हणायचं. या रिकाम्या जागेत जे वाक्य येऊन बसतं, तेच आपलं ‘सगळ्यांनाच होतं’. ते सल्ला म्हणून बरं दिसतं, पण त्यामागे आपल्याकडे दुसरं काहीच नसतं.

नोकरी करणाऱ्या वाचक मैत्रिणींसाठी एक माहिती. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात कलम १० होतं. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, दाखला दिल्यास, नेहमीच्या प्रसूती रजेशिवाय एक महिन्यापर्यंत पगारी रजा. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, त्यातही ही तरतूद आहे. मी आजवर एकाही बाईला ही रजा मागताना पाहिलेलं नाही, कारण आपल्याला हा आजार आहे हेच मुळी कोणी सांगितलेलं नसतं. सगळ्यांना होतं त्याचा दाखला कोण देणार?

आणि ज्यांना ऑफिसच नाही त्यांचं काय? सोनगीरच्या शिवारात कापूस वेचायला जाणारी बाई घ्या. वेचणीची मजुरी किलोवर. उमासा आला म्हणून बांधावर टेकली की तेवढे किलो कमी. तिला रजा नाही, दाखला नाही, कलम नाही. उन्हात पाणी प्यावं तर उलटी, न प्यावं तर चक्कर. तिलाही आपण तेच सांगतो आणि ती तेच खरं मानून पुन्हा सरीत वाकते.

याच तीन महिन्यांत आणखी एक किडका खेळ चालतो. "फार उलट्या होताय ना? मुलगी दिसते." माझ्यासमोर म्हटलंय हे, एका शिकल्यासवरल्या बाईनं. खरं काय? १९९९ मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. पहिल्या तीन महिन्यांत या आजारानं भरती झालेल्या बायकांच्या बाळांत मुली साधारण ५६ टक्के निघाल्या. म्हणजे शंभरातल्या ४४ जणींना मुलगेच झाले. यावरून भविष्य सांगणं म्हणजे नाणं उडवणं. पण हे बोलणं निरुपद्रवी नाही. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. अशा मुलखात ओकणाऱ्या बाईला ‘मुलगी दिसते’ म्हणणं म्हणजे तिच्या उलटीत एक भीती कालवणं.

आता आत्याबाईंच्या बाजूनंही बोलते, नाहीतर घरात घेणार नाहीत. घरच्या उपायांतले कितीतरी खरोखर बरे आहेत. उठण्याआधी अंथरुणातच ज्वारीच्या लाह्या किंवा मुरमुरे चावणं, एकदम ताटभर न जेवता दर दोन तासांनी चार घास खाणं, जेवताना ढसाढसा पाणी न पिता मधून मधून घोट घेणं, आल्याचा तुकडा, थंड जेवण (त्याला वास कमी येतो), जेवल्यावर लगेच आडवं न होणं. हे सगळं डॉक्टरही सांगतात. थोडी मळमळ असणं हे गर्भ तग धरून असल्याचं लक्षण, यातही तथ्य आहे. गर्भपाताचं प्रमाण अशा बायकांत कमी दिसतं. पण म्हणून जास्त उलट्या म्हणजे जास्त चांगलं बाळ, असं होत नाही! आणि हो, आपल्या पितळेच्या गावची एक सूचना. लिंबाचं सरबत, चिंचेचं सार, ताक कल्हई गेलेल्या भांड्यात ठेवू नका. आंबट कळकतं हे आजीला ठाऊक होतं. ते कळकणं म्हणजे अन्नात तांबं उतरणं, आणि त्यानं धडधाकट माणसालाही ओकारी येते.

लाह्या आणि आलं सत्तर जणींना पुरतं. त्या दोघींना नाही. त्यांना सलाईन लागतं, उलटी थांबवणारं औषध लागतं, आणि ब-१ जीवनसत्त्व लागतं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. बरेच दिवस काही पोटात ठरलं नसेल तर शरीरातलं ब-१ संपत येतं. अशा वेळी ते आधी न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. आपल्याकडे ‘जरा ताकदीची बाटली लावून द्या’ म्हणायची पद्धत आहे, म्हणून सांगतेय. डॉक्टरांना उलट्या किती दिवसांपासून आहेत ते आधी सांगा.

आमची भाची तीन दिवस धुळ्याला भरती होती. चौथ्या दिवशी तिनं मऊ खिचडी मागून खाल्ली. आता पाचवा महिना आहे, भरीत-भाकरी खातेय. तिला तिथे नेईपर्यंत घरात जी वादावादी झाली, तिचा सगळा मुद्दा एकच होता, ‘एवढ्याशासाठी कोण ॲडमिट होतं?’ शार्लट ब्राँटे ही इंग्रजी लेखिका १८५५ मध्ये अडतिसाव्या वर्षी दिवस गेलेले असताना गेली. तिच्या शेवटच्या आजारातल्या उलट्या पाहता तो हाच आजार असावा, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. इंग्लंडची राजसून केट २०१२ मध्ये याच त्रासानं दवाखान्यात भरती झाली आणि आज तीन मुलांची आई आहे. त्या दोघींच्या मध्ये दीडशे वर्षं आणि एक सलाईनची बाटली आहे. सोनगीरहून धुळं तर हायवेनं जेमतेम वीस किलोमीटर.

शेवटी एक आपल्याच राज्यातली गोष्ट. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन पांढऱ्या पडत, काही मरत. गरीब बायकांचं असंच असतं, असं म्हणून तिलाही सोडून देता आलं असतं. तिनं त्या काय खातात ते विचारलं, रक्त तपासलं, प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, त्या बऱ्या होतात असं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज पहिल्या तीन महिन्यांत आशाताई घरी आणून देते ती बारीक गोळी तीच. जे सगळ्यांना होतं, ते का होतं, असं एका बाईनं विचारलं म्हणून ती आपल्या हातात आली.

आपण काही ल्युसी विल्स नाही. पण आशाताई बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायला येते, तेव्हा ती वजन लिहून घेते. दोन आठवड्यांनी तेच वजन पुन्हा करायला तिला काय लागणार आहे? आणि आपल्याला तर काट्याचीही गरज नाही. घरात कोणाला दिवस गेले असतील तर ‘काय खावंसं वाटतं गं?’ हे अवश्य विचारा, कैरी आणून द्या. पण त्याआधी दार लोटून, जवळ बसून, न लाजता विचारा, ‘सकाळपासून लघवी किती वेळा झाली? पाणी पोटात ठरतंय का?’ दिवसभरात पाणी ठरलं नसेल, लघवी एकदाच झाली असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, उलटीत रक्त असेल, तर पाठीवर हात फिरवत बसू नका. गाडी काढा.

मोठ्या आत्या, आता करा फोन.